गावचा ताप कोण मोजतो?

कपाशीच्या शेतात कामगंध सापळा टांगलेला तुम्ही पाहिला असेल. रोज सकाळी जायचे आणि सापळ्यात बोंडअळीचे किती पतंग सापडले, ते मोजायचे. एक-दोन पतंग दिसले तर कास्तकार घाबरत नाही. पण लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की तो सावध होतो. अळी बोंडात शिरल्यावर धावपळ करून काय उपयोग?

तापाचेही तसेच आहे.

मागे पावसाळ्यात आमच्या अंजनगाव सुर्जीत आशाताई घरोघर विचारत होत्या, "कोणाला ताप-खोकला आहे काय?" ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "बाई, सर्दी-तापाचं काहून लिहून घेता? दोन दिवसांत जाते थो!"

आजोबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. फ्लूचा ताप बहुतेकांना येतो आणि आठवड्याभरात जातो. पण सगळ्यांचाच जात नाही. म्हणून मोजावे लागते.

मानमोडीची साथ

१९१८ साली हा ताप जगभर पसरला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. जून महिन्यात तो मुंबईत दिसला. तेव्हा तो सौम्य होता. लोक म्हणाले, गेला एकदाचा. पण पावसाळा संपता संपता तो पुन्हा आला आणि फार भयंकर होऊन आला. आगगाडीने तो गावोगाव पोचला. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. आपला वऱ्हाड आणि मध्यप्रांत यांना फार मोठा तडाखा बसला. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे मेली.

तेव्हा हा रोग कशाने होतो, हेच कोणाला ठाऊक नव्हते. लस नव्हती. पुढच्या गावाला वेळेवर सावध करणारेही कोणी नव्हते.

आज काय होते?

आज कळले आहे, की हा रोग विषाणूमुळे होतो. विषाणू म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारा अतिशय बारीक रोगजंतू. खोकताना, शिंकताना उडणाऱ्या थेंबांतून तो दुसऱ्याकडे जातो.

दवाखान्यात तापाचे किती रोगी आले, दम लागलेले किती आले, याची नोंद होते. ती तालुक्याहून जिल्ह्याला आणि पुढे राज्याला जाते. काही रोग्यांच्या नाका-घशातला नमुना कापसाच्या काडीने घेऊन तपासणीला पाठवतात. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. ती १९५२ साली सुरू झाली. तिथे विषाणूची ओळख पटवतात.

आता हे आकडे पाहा. २०१५ साली भारतात तपासणीत स्वाइन फ्लूचे ४२,५९२ रोगी सापडले. त्यांतले २,९९० दगावले. पुढच्या साली, २०१६ मध्ये, फक्त १,७८६ रोगी सापडले. लोक निर्धास्त झाले. आणि २०१७ साली पुन्हा ३८,८११ रोगी सापडले आणि २,२७० माणसे गेली. ही मोजणी फक्त तपासणी झालेल्यांची आहे. यावरून काय दिसते? एक साल शांत गेले म्हणजे रोग संपला असे नव्हे.

लस दरवर्षी का?

हा विषाणू सोंगाड्यासारखा आहे. तो रूप बदलतो. गेल्या सालच्या लशीला तो यंदा ओळखू येईलच असे नाही. शिवाय लशीचा जोर हळूहळू कमी होतो. म्हणून देशोदेशीचे नमुने पाहून जागतिक आरोग्य संघटना सालातून दोनदा ठरवते, की नवी लस कोणत्या रूपांवर करावी. तुमच्या गावातली नोंद अशी जगाच्या कामी येते.

लस टोचल्यावर तिचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून साथीच्या आधी, पावसाळा लागण्यापूर्वी, ती घेतलेली बरी. लस घेऊनही एखाद्याला फ्लू होतो. पण जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो. टोचायच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लशीने फ्लू होत नाही. म्हातारी माणसे, गरोदर बाया, लहान मुले आणि मधुमेह, दमा, हृदयरोग असलेले लोक यांनी डॉक्टरांना लशीबद्दल जरूर विचारावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. म्हणून बाळाच्या आईने ती घ्यावी.

उशीर करू नका

माझे थोरले बंधू मधुमेही होते. त्यांना ताप आला. आम्ही काढा दिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांना दम लागला. "सकाळी नेऊ," असे मीच म्हणालो. सकाळी नेले, पण उशीर झाला होता. ते परत आले नाहीत. तीस वर्षे मी मुलांना आरोग्याचे धडे शिकवले आणि घरात चुकलो. म्हणून हे लिहीत आहे.

दम लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त येणे, नखे-ओठ निळे पडणे, माणूस सुस्त पडणे, लेकराने खाणे-पिणे सोडणे, यांतले एकही चिन्ह दिसले तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठा. फ्लूवर औषध आहे. ते लवकर सुरू केले तर जास्त गुण देते. मनाने दुकानातून गोळ्या आणून खाऊ नका. साधा ताप असला तरी घरी राहा, तोंडावर रुमाल धरा, हात साबणाने धुवा.

आणि आशाताई दारी आल्या, तर खरे ते सांगा. त्या दिवशी आजोबांनी शेवटी सांगितलेच, "नातवाला परवापासून ताप आहे, बाई." ताईंनी लिहून घेतले आणि त्याच दिवशी पोराला दवाखान्यात नेले. पोरगा आता शाळेत जातो.