पोटातला वाटेकरी

फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांच्या १० तारखेला शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना एक गोळी चावून खायला देतात. तिचे नाव अल्बेंडाझोल. देशात २०१५ पासून हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या सर्वांसाठी तो आहे. उर्दू शाळेत शिकवताना मी दरवर्षी ही गोळी वाटते, आणि दरवर्षी कोणाची तरी अम्मी फाटकाशी येऊन विचारते, "मॅडम, आमच्या मुलाला जंत नाहीत, मग त्याला औषध कशाला?"

प्रश्न रास्त आहे. निरोगी मुलाला औषध देणे कोणत्याही आईला खटकणारच. पण जंत झालेल्या बहुतेक मुलांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही. पोट दुखणे, शौचातून जंत पडणे हा प्रकार पोटात त्यांची गर्दी झाल्यावरचा. प्रत्येक मुलाचा शौच तपासण्याचा खर्च आणि खटाटोप गोळीपेक्षा कितीतरी मोठा. म्हणून सगळ्यांनाच गोळी देतात. ती स्वस्त आहे आणि निरोगी मुलालाही तिचा अपाय नाही.

खरा प्रश्न त्या अम्मीच्या पुढच्या वाक्यात असतो. "खातो तर भरपूर, पण अंगाला लागत नाही."

अंगाला न लागण्याची कारणे अनेक. त्यातले एक म्हणजे पोटात बसलेला वाटेकरी. गोल जंत सर्वांत ओळखीचा. गांडुळासारखा, वीतभर किंवा त्याहून लांब. तो लहान आतड्यात राहतो आणि मुलाने खाल्लेले, पचत आलेले अन्न खातो. शिवाय भूक मंदावते, अ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी शौचाबरोबर बाहेर पडतात, ओलसर मातीत दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि मग कित्येक महिने, कधी वर्षेही तग धरतात. त्या मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून, न धुतलेल्या भाजीतून ती पुन्हा कोणाच्या तरी तोंडात जातात. गोड खाल्ल्याने जंत होतात हे आपल्या दादी-नानींचे म्हणणे. साखरेत जंतांची अंडी नसतात. ती असतात गोळी-चॉकलेट धरणाऱ्या हातावर.

दुसरा वाटेकरी अंकुशकृमी. हा जेमतेम एक सेंटिमीटरचा, पण कुपोषणाच्या दृष्टीने मला तो जास्त घातक वाटतो. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून आतड्यात असा त्यांचा प्रवास. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. एका कृमीने जाणारे रक्त जातीनुसार थेंबाच्या अंशापासून तीन-चार थेंबांपर्यंत, दररोज. पन्नास-शंभर कृमी असतील आणि ताटात मुख्यतः भातच असेल, तर ही गळती भरून निघत नाही. लोह संपते, पंडुरोग होतो, मूल फिके पडते. वर्गात ते झोपाळलेले दिसते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शंभर वर्षांपूर्वी गरीब शेतकऱ्यांना लोक आळशी म्हणून हिणवत. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशातून तिथे तपासणी मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या भागातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या पोटात अंकुशकृमी निघाले. आळशी म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाची पापणी जरा खाली ओढून आतला रंग पाहावा, एवढे मी शिक्षक मित्रांना नेहमी सांगते.

रस्त्यात, सावलीत आणि पाणवठ्यावर शौचास बसू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आली आहे. आपण ती मकतबात शिकतो. अंकुशकृमीच्या अळ्यांना जगायला नेमकी ओल आणि सावली लागते. कडक उन्हात, कोरड्या जमिनीत त्या मरतात. आपल्या कोकणातल्या आमराया आणि नारळी-पोफळीच्या वाड्या त्यांना सोयीच्याच.

लोह कमी झाले की काही मुले माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचा चुना खाऊ लागतात. घरात त्याला खोड समजून मार देतात. मार खाऊन ही सवय जात नाही, कारण तिच्या मुळाशी बहुधा रक्तातली कमतरता असते. आणि मातीबरोबर गोल जंताची अंडी पोटात जातात ती वेगळीच. म्हणजे एका जंताने रक्त कमी केले, रक्त कमी झाल्याने मूल माती खाऊ लागले, मातीने दुसरा जंत आणला. गर्भारपणात भाजलेली माती चघळणाऱ्या बायकाही आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांचेही रक्त तपासायला हवे.

कुपोषण आणि परजीवी यांचे नाते असे दोन्ही बाजूंनी चालते. जंत अन्न आणि रक्त नेतात म्हणून मूल खंगते. खंगलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी, म्हणून परजीवी त्याच्या पोटात अधिक ठाण मांडतात. जिआर्डिया नावाचा डोळ्यांना न दिसणारा परजीवी आहे. तो आतड्याच्या अस्तराला इजा करतो, मग दूध-तूप पचत नाही, जुलाब रेंगाळतात. विहिरीत टीसीएल पावडर टाकली म्हणजे भागले असे समजू नये. जिआर्डियाच्या कोशांवर नेहमीच्या मात्रेतली क्लोरीन पावडर भरवशाची नाही. पाणी खळखळून उकळले की ते मरतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत शंभरामागे सुमारे ६९ जणांत रक्त कमी आहे. हे सगळे जंतांमुळे नाही. गरिबी, आईचे स्वतःचे अशक्तपण, वरचे अन्न उशिरा सुरू होणे, सकाळी चहा-पावावर भागवणे ही कारणे आहेतच. (जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. घरात कलेजी शिजते, पण ती पाहुण्यांच्या ताटात जास्त आणि मुलांच्या ताटात कमी, हेही पाहिले आहे.)

मग गोळीने कुपोषण जाईल का? इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर काही वर्षे एक मोठा प्रयोग झाला. दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल दिले गेले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मुलांच्या वजनात गोळीने फारसा फरक पडलेला दिसला नाही. यावरून कोणी गोळी फेकून देईल, तर ते चूक. ज्या मुलाच्या पोटात जंतांचा भार मोठा आहे त्याला ती हवीच, आणि असे मूल कोणते ते आपल्याला बाहेरून कळत नाही. पण गोळी आज पोटात असलेले जंत मारते, उद्याचे अडवत नाही. अंगणातली माती तशीच राहिली तर काही महिन्यांत पोट पुन्हा भरते.

आणि अंगणातल्या मातीविषयी बोलायचे तर भगिनींनो, एक गोष्ट घरोघर दुर्लक्षित आहे. शौचालय बांधले, मोठी माणसे वापरू लागली, पण तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांचा शौच मात्र परसात, उकिरड्यावर किंवा गटारात टाकला जातो. लहान मुलाच्या शौचात काय घाण, असे वाटते. चालू-रांगू लागलेले मूलच सगळ्यांत जास्त माती तोंडात घालते, त्यामुळे त्याच्याच शौचात अंडी असण्याची शक्यता मोठी. तो शौच शौचालयातच टाकायचा आणि मग साबणाने हात धुवायचे. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या घरात हे कशाला सांगायचे, असे कोणी म्हणेल. वुजू इबादतीसाठी आहे. जंताची अंडी चिकट असतात, नखांच्या आत बसतात, नुसत्या पाण्याने निघत नाहीत. जुम्म्याला नखे काढण्याची आपली रीत मुलांच्या बाबतीत काटेकोर पाळली तरी बरेच काम होईल. कचुंबरातली कोथिंबीर आणि पुदिना वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुवावा. वाडीत, शेतात जाताना मुलांच्या पायात चप्पल हवी, आणि मुलींच्याही. घरात एकच जोड असेल तर ती भावाला मिळते, हे मी पाहते.

मुलींचे आणखी एक. दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलीला ही गोळी कोणी आणून देत नाही. १९ वर्षांपर्यंत तिचा हक्क आहे आणि अंगणवाडीत ती मिळते. गरोदर बाईला मात्र पहिले तीन महिने ही गोळी द्यायची नाही. त्यानंतर आरोग्य केंद्रातल्या नर्सच्या सल्ल्याने देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, तीही कुटून, पाण्यात कालवून. त्या दिवशी मूल आजारी असेल तर देऊ नये, बरे झाल्यावर द्यावी. गोळीनंतर कोणाला मळमळते, कोणाचे पोट दुखते. पोटात जंत जास्त असले की हे अधिक होते आणि बहुधा थोड्या वेळात शमते. याच उलटीचा फोन गावभर फिरून अफवा होते.

२०२७, २०२८ आणि २०२९ या तिन्ही वर्षी १० फेब्रुवारी रमजानमध्ये येईल. वरच्या वर्गातली रोजा ठेवणारी मुले त्या दिवशी गोळी चावू शकणार नाहीत, आणि राहिलेल्या मुलांसाठी ठेवलेला नंतरचा दिवसही बहुतेक रमजानातच पडेल. शाळेत नुसते "रोजा आहे" म्हणून हात मागे घेतला तर त्या मुलाची गोळी थेट ऑगस्टवर जाते. त्याऐवजी आठवडाभर आधी आशाताईंना आणि मुख्याध्यापकांना भेटून अशा मुलांची यादी द्यावी. रमजानपूर्वी किंवा ईदनंतरचा एखादा दिवस ठरवता येतो का, हे आरोग्य केंद्रात विचारावे.