कोठारात धान्य, कढईत परके तेल

१९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा या देशातील लक्षावधी घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. खाणावळींनीही दारे लावून घेतली. पुढल्याच वर्षी, १९६६ मध्ये, आपण परदेशांतून एक कोटी टनांहून अधिक धान्य आणले आणि त्यातील बहुतांश अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली आले. अध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू थोड्याथोड्या हप्त्यांनी सोडण्याचे धोरण ठेवले होते. व्हिएतनामविषयी दिल्लीने काय बोलावे याचा आणि गव्हाच्या पुढच्या जहाजाचा संबंध जोडला जातो, हे कोणाला सांगावे लागत नव्हते. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, आपल्या जिल्ह्यातील माणसांनी खडी फोडून मिळालेल्या मजुरीवर लाल मिलोची भाकरी खाल्ली. त्या भाकरीची चव आठवणारी माणसे आजही सोलापुरात आहेत.

त्या दिवसांशी तुलना केली तर आजचे चित्र अभिमानास्पद आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. १९५०-५१ साली या देशात जेमतेम पाच कोटी टन अन्नधान्य पिकत होते. २०२४-२५ साली ते पस्तीस कोटी टनांच्या वर गेले. सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा फुकट धान्य देण्याचा भार सरकारी कोठारांनी उचलला आहे. चिदंबरम् सुब्रह्मण्यम्, स्वामीनाथन् आणि पंजाबपासून तंजावरपर्यंतचे शेतकरी यांचे हे ऋण मोठे आहे. परंतु भाकरी स्वदेशी झाली म्हणून जेवण स्वदेशी झाले काय? भाकरीसोबतचे कालवण ज्या फोडणीत शिजते ती फोडणी कोठली, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ही फोडणी आज परदेशी आहे. भारतात खपणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून बरेच अधिक तेल बाहेरून येते. वर्षाला सुमारे एक कोटी साठ लाख टन तेलासाठी आपण दीड लाख कोटी रुपयांच्या घरात रक्कम मोजतो. पामतेल इंडोनेशिया व मलेशियाचे, सोयाबीनचे तेल अर्जेंटिना व ब्राझीलचे, सूर्यफुलाचे रशिया व युक्रेनचे. या परावलंबनाचा अर्थ २०२२ साली कळून चुकला. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि काळ्या समुद्रातून येणारे सूर्यफुलाचे तेल अडले. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल स्वस्त मिळावे म्हणून पामतेलाची निर्यातच बंद केली. ती बंदी महिनाही टिकली नाही, हे आपले दैव. जकार्तामधील एका हुकुमाने सोलापुरातील वडापावच्या गाड्यावरील कढई थंड पडू शकते, एवढे मात्र त्या पंचवीस दिवसांनी दाखवून दिले. जॉन्सन यांच्या मनात निदान भारताला वाकविण्याचा हेतू होता. जकार्ताच्या सरकारने तर आपला विचारही केला नव्हता!

हे अपरिहार्य होते, असे म्हणण्याची सोय नाही. १९८६ साली राजीव गांधी यांच्या सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम काढली. बियाणे, खरेदी, साठवण, आयातीवरील लगाम या सर्वांचा एकत्र विचार त्या मोहिमेने केला. अवघ्या दहा वर्षांत तेलबियांचे उत्पादन दुपटीच्या पुढे गेले आणि १९९२-९३ च्या सुमारास खाद्यतेलाची आयात जवळजवळ नाममात्र उरली. जे साध्य झाले ते घालविण्यास आपल्याला फार वेळ लागला नाही. १९९४ साली पामतेलाची आयात ६५ टक्के जकातीवर सर्वांना मोकळी झाली. पुढच्या वर्षी जकात ३० टक्के, त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के, आणि १९९८ मध्ये १५ टक्के! जागतिक व्यापार संघटनेच्या कराराने आपले हात बांधले, अशी सबब यावर सांगितली जाते. ती खरी नाही. पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत जकात बसविण्याची मुभा त्या करारानेच भारताला दिलेली होती. दार आतून उघडले गेले आणि उघडणारे हातही आपलेच होते.

या अग्रलेखाचे प्रयोजन दिल्लीची झाडाझडती घेणे एवढेच नाही. ज्या मातीत हे तेल पिकत होते, आणि आजही पिकू शकते, ती माती आपल्या पायांखालची आहे. सोलापूरची शेंगांची चटणी मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला बांधून दिल्यावाचून आपले आदरातिथ्य पुरे होत नाही. परंतु त्याच घरात भाजी शिजते ती सोयाबीनच्या किंवा पामच्या तेलात. आपल्या आज्या करडईच्या तेलात स्वयंपाक करीत. मालदांडी ज्वारीच्या शेताला चहूकडून करडईचे पाटे घालीत. काटे असल्यामुळे गुरे आत शिरत नसत, म्हणजे कुंपणाचे काम होई आणि वर्षाचे तेलही सुटे. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर, हिवाळ्याच्या दवावर वाढणारे हे पीक. त्याचे मूळ जमिनीत पुरुषभर खोल जाऊन ओल शोधते. एखादे संरक्षित पाणी वेळेवर मिळाले तर उत्पन्नात मोठा फरक पडतो, आणि न मिळाले तरी ते शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. सोलापूरच्या संशोधन केंद्राने ‘भीमा’ हा वाण दिला. परभणीच्या विद्यापीठाने आपले वाण दिले. फलटणच्या निंबकर संस्थेने काढणीस मजूर मिळत नाहीत ही तक्रार ऐकून बिनकाट्यांची करडई तयार केली. विद्येने आपले काम चोख केले. तरीही करडईखालचे क्षेत्र लाखांच्या गणतीतून हजारांच्या गणतीत आले, ते कशाने?

त्याचे उत्तर उजनीच्या कालव्यावर उभे राहिले की मिळते. आपल्या जिल्ह्यात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उसाला मोकाट पाणी दिले तर हंगामात दोन हजार मिलिमीटरहून अधिक लागते. हा हिशोब शाळकरी मुलालाही जुळविता येणार नाही, तरीही साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा महाराष्ट्रात पहिला आहे. १९७९ साली वि. म. दांडेकर यांच्या समितीने कालव्याचे पाणी आठच महिने द्यावे आणि ते अधिकाधिक शेतकऱ्यांत वाटावे, असे सुचविले होते. दांडेकरांची शिफारस ग्रंथालयात राहिली आणि पाणी उसात राहिले. ११७ अब्ज घनफुटांचे धरण पुण्याच्या रस्त्यावर पसरलेले असताना सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी पिंपांत भरून ठेवले, हे कोणास विसरता येईल?

म्हणून ऊस लावणाऱ्याला शिव्या देण्याची जी एक शहरी खोड आहे, तिच्यात आम्ही सामील होणार नाही. उसाला ठरलेला दर आहे, तो घेणारा कारखाना आहे, आणि तो दर थकविला तर आंदोलन करणारी संघटना आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज राज्य सरकारने २०२४ पासून फुकट केली आहे, तेव्हा पंप बंद करण्याचे कारणही उरलेले नाही. करडईला यांपैकी काय आहे? हमीभाव आहे, तो कागदावर! ज्याला चार पैशांची शाश्वती हवी तो ऊस लावील. करडई लावणारा माणूस एक तर निरुपाय झालेला असेल, नाही तर हट्टी.

आता या गुंत्यात तिसरा धागा शिरला आहे, तो इंधनाचा. देशाला लागणाऱ्या कच्च्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. ते ओझे हलके करण्यासाठी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा मार्ग सरकारने धरला आणि २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये, ठरल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी, गाठले. परकीय चलन वाचले ही गोष्ट खरी, आणि त्याबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यास आम्हाला संकोच नाही. परंतु इथेनॉल आकाशातून पडत नाही. ते उसापासून निघते, किंवा मक्यापासून आणि तांदळापासून. २०२३ च्या डिसेंबरात साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसावर निर्बंध आले, तेव्हा भट्ट्यांनी मक्याकडे मोर्चा वळविला. परिणाम असा झाला की, मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मक्याचा आयातदार बनला.

गोष्ट येथेही थांबत नाही. मक्यापासून मद्यार्क काढल्यावर जो चोथा उरतो तो जनावरांचे व कोंबड्यांचे खाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम अठरा टक्के, बाकीची पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव ठरतो तो मुख्यतः पेंडीवर. स्वस्त चोथ्याने पेंडीचे गिऱ्हाईक पळविले, पेंड पडली आणि तिच्याबरोबर सोयाबीन पडले. २०२५ च्या खरिपात शेतकऱ्याने मग जे शहाणपणाचे तेच केले: सोयाबीन कमी पेरले, मका जास्त पेरला. अर्थात देशातले तेल आणखी घटणार आणि जहाजे आणखी येणार. इंधनात स्वावलंबी होण्याचा खटाटोप खाद्यतेलाचे परावलंबन वाढवितो, आणि दिल्लीतील दोन मंत्रालये आपापल्या यशाच्या जाहिराती एकाच दिवशी, एकाच वर्तमानपत्रात देतात!

सोयाबीनच्या शेतकऱ्याचे काय झाले ते बार्शीच्या किंवा लातूरच्या आडतीवर जाऊन पाहावे. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीत बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल नाकारला जाई. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेले सोयाबीन बारा टक्क्यांवर आणायचे कोठून? ही अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल झाली ती नोव्हेंबरात, तोवर देणेकऱ्यांनी गांजलेल्याने माल विकून टाकलेला होता. २०२५ साठी हमीभाव ५,३२८ झाला, आणि ऐन हंगामात कितीतरी माल त्याहून हजार रुपये खाली गेला. जकातीचे वर्तन तर याहून नवलाचे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील जकात वाढविली, आणि ३० मे २०२५ रोजी, म्हणजे खरिपाची पेरणी तोंडावर असताना, ती निम्म्यावर आणली. शेतकऱ्याने चाड्यावर मूठ धरावी आणि सरकारने त्याच क्षणी त्याच्या पिकाचा भाव पाडावा, याला धोरण म्हणायचे की खेळ?

या खेळाचा लाभ कोणाला झाला? आपल्याला झाला. शहरात राहून महिन्याला चार-पाच किलो तेल नेणाऱ्या तुम्हा-आम्हाला. तेलाचा डबा पन्नास रुपयांनी महागला तर या वृत्तपत्रातही पहिल्या पानावर मथळा झळकतो. सोयाबीन क्विंटलमागे पाचशेंनी कोसळले तर ती बातमी आतल्या पानावर बाजारभावाच्या रकान्यात जाते. हा दोष आम्ही पदरी घेतो. सरकार शेवटी कोणाच्या आरडाओरडीला भिते हे त्याला पक्के ठाऊक आहे. गरिबाला तेल परवडले पाहिजे याविषयी दुमत नाही, परंतु त्यासाठी रेशनच्या दुकानात धान्याबरोबर तेल देण्याची वाट मोकळी आहे. ज्याला खरोखर गरज आहे त्याला तेल स्वस्त द्यावे आणि ज्याच्या दारी मोटार उभी आहे त्याने करडईच्या शेतकऱ्याला त्याचे दाम द्यावे. गरिबाच्या नावाने सर्वांनाच स्वस्ताई वाटायची आणि तिचे बिल कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यावर लिहायचे, ही रीत फार काळ चालली.

केंद्राने २०२४ साली दहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची तेलबियांची नवी मोहीम मंजूर केली आहे. तिच्यात बियाणे आहे, प्रात्यक्षिके आहेत. १९८६ च्या मोहिमेत जे होते आणि हिच्यात ज्याची वाण आहे, ते म्हणजे दारावरचा पहारा. आयात तेलाची जकात हमीभावाशी बांधा, बाहेरचे तेल स्वस्त होईल तशी ती आपोआप चढू द्या, आणि तिचा दर मृगापूर्वी जाहीर करून हंगाम सरेपर्यंत त्याला हात लावू नका. खरेदी केंद्रे माल बाजारात येण्याच्या आधी उघडा. याला नवी समिती नको आणि नवा कायदाही नको.

राहिले आपल्या हातातले. दरवर्षी पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीची बैठक भरते आणि उजनीच्या रब्बी आवर्तनाचा निर्णय होतो. करडई पेरण्याचे दिवसही नेमके तेच, सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा पंधरवडा. उसाचे एक आवर्तन आठ दिवस मागे सारून ते पाणी करडई, ज्वारी आणि भुईमुगाच्या रानाला दिले तर किती एकर भिजेल, एवढे एकच टिपण पाटबंधारे खात्याने त्या बैठकीपुढे ठेवावे. जिल्ह्याच्या आमदार-खासदारांपैकी अनेकांचे कारखान्यांशी नाते आहे, हे गुपित नाही. म्हणूनच तो प्रश्न बैठकीत कोण विचारतो आणि तो विचारल्यावर कोण गप्प बसतो, हे नावानिशी छापण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेत आहोत.