बाळ गुटगुटीत आहे, पण बाळंतीण?

दीड महिन्याच्या लशीसाठी बाळाला दवाखान्यात आणले की आजी कौतुकाने सांगतात, "बाळ छान आहे हो! हिलाच काय झालंय कळत नाही. डिंकाचे लाडू तसेच पडलेत, बाळ झोपलं तरी ही टक्क जागी, सारखी रडते." मग कोणी दृष्ट काढायला सांगते, तर कोणी "आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं काढली?" असे सुनावते. त्यानंतर ती बिचारी काही बोलतच नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन हळवे होणे, रडू येणे हे पुष्कळ जणींना होते. विश्रांती आणि आधार मिळाला की पंधरा दिवसांत ते ओसरते. पण उदासी त्याहून अधिक टिकली, बाळाचेही काही वाटेनासे झाले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो नखरा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे.

गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के मातांना नैराश्य होते. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव, इतकेच काय, बाळ मुलगा की मुलगी, याचाही त्याच्याशी संबंध आढळला. अशा मातांच्या बाळांची वाढही मागे पडत असल्याचे तेथे दिसून आले. म्हणजे आईकडे दुर्लक्ष झाले तर बाळालाही झळ पोहोचते.

हा आजार ओळखायला रक्त तपासावे लागत नाही. एडिंबरा येथील तज्ज्ञांनी १९८७ मध्ये दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उगाच स्वतःला दोष दिला का, भीती वाटली का, असे ते साधे प्रश्न आहेत. प्रत्येकास ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १३ किंवा अधिक गुण आल्यास डॉक्टरांकडून नीट तपासणी हवी. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर 'हो' आले, तर बेरीज कितीही असो, लगेच मदत घ्यावी.

हे प्रश्न एकांतात विचारावेत. सासू किंवा नवरा शेजारी असताना खरे उत्तर येत नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी ४२ दिवसांत आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. बाळाचे वजन होते, तेव्हाच आईचीही विचारपूस व्हावी.

उपचार आहेत. सौम्य त्रासात समुपदेशन आणि घरच्यांचा हातभार पुरतो. त्रास अधिक असल्यास औषधे लागतात. अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूध तोडू नये. हजारात एखाद-दोघींना मात्र भास होतात, झोप पार उडते, त्या असंबद्ध बोलतात. अशा वेळी तिला बाळाजवळ एकटी न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

आज घरात बाळंतीण असेल, तर तिला जवळ बसवून विचारा, "तुला बरं वाटतंय ना गं?" आणि ती बोलू लागली की मध्येच तोडू नका.