कर्करोगतज्ज्ञाची पहिली भेट

कर्करोगाचा नुसता संशय आला तरी घरांतील माणसें गोंधळून जातात, आणि त्या गोंधळांतच तज्ज्ञाकडे धांव घेतली जाते. ही भेट बहुधा थोड्याच मिनिटांची असते. तेवढ्या अवधींत रोगाचें स्वरूप ठरवावयाचें, तें रोग्यानें बरोबर आणलेल्या पुराव्यावरूनच.

या पुराव्यांत पहिला मान बायॉप्सीचा. संशयित भागाचा लहानसा तुकडा मेणांत बसवून त्याचा ठोकळा करितात. त्याचे अतिशय पातळ काप काचेवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. पुष्कळ रोगी केवळ अहवालाचा कागद घेऊन येतात. परंतु मोठ्या रुग्णालयांत त्या काचा बहुधा पुन्हा तपासल्या जातात, कारण निदानांत अल्पसा फरक पडला तरी उपचार बदलूं शकतो. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेव्हां शस्त्रक्रिया व किरणोपचार हींच मुख्य साधनें होतीं. आज औषधांचे अनेक प्रकार हातीं आले आहेत, आणि त्यांतलें कोणतें लागू पडेल हें पुष्कळदां त्या ठोकळ्यावरील परीक्षाच सांगते. म्हणून काचा व ठोकळा हीं दोन्ही प्रयोगशाळेंतून आधींच मागून आणावीं, आणि ठोकळा उन्हांत तापलेल्या मोटारींत ठेवूं नये. सी. टी. किंवा एम्. आर्. आय्. झालें असल्यास अहवालाबरोबर त्याच्या चित्रांची तबकडीही न्यावी.

दुसरी तयारी एका कागदाची. पहिली तक्रार केव्हां सुरू झाली, वजन किती घटलें, पूर्वीं कोणते आजार व शस्त्रक्रिया झाल्या, रक्ताच्या कोणत्या नातलगास कोणत्या वयांत कर्करोग झाला, हें त्यावर लिहावें. चालू औषधें मात्रेसह नोंदावीं. रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ती आवर्जून सांगावी, पण आपल्या मनानें बंद करूं नये. वैद्याचा काढाही लपवूं नये. तंबाखू, मशेरी वा मद्य यांविषयीं संकोचानें खोटें बोलण्यांत अर्थ नाहीं. तज्ज्ञ कांहीं न्यायासनावर बसलेला नसतो.

त्याच कागदाच्या पाठीवर प्रश्न लिहावेत. रोग कोणत्या अवस्थेंत आहे? उपचार रोग बरा करण्यासाठीं कीं त्रास कमी करण्यासाठीं? खर्च किती? रोगी तरुण असल्यास पुढें अपत्य होण्याविषयीं उपचारापूर्वींच विचारावें. उत्तरें टिपून घेण्यास शांत वृत्तीचा एखादा आप्त बरोबर असावा.

एक गोष्ट मात्र घरींच ठरवावी लागते. मुलगा तज्ज्ञाच्या खोलींत आधीं एकटाच शिरतो आणि “बाबांना सांगूं नका” म्हणून विनवितो. हेतु प्रेमाचा असतो. परंतु किरणोपचारासाठीं रांगेंत बसलेल्या वडिलांना शेजारच्या रोग्यांकडे पाहूनच बहुधा सर्व उमगतें, आणि मग मनांतील भीति बोलून दाखविण्यास त्यांना घरांत कोणीच उरत नाहीं. तेव्हां आदल्या रात्रीं त्यांनाच विचारावें, “बाबा, तुम्हांला किती जाणून घ्यावयाचें आहे?” जें उत्तर येईल तें कागदाच्या शिरोभागीं लिहावें, आणि तज्ज्ञास प्रथम तेंच दाखवावें.