बाजारातली कालवड: फायद्याचा सौदा की डोक्याला ताप?

आजचा विषय कोडिंगचा नाही, गोठ्याचा आहे. मी सॉफ्टवेअरवाला, पण घरी आप्पांचा दहा गायींचा गोठा. दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्या गायींच्या जागी आम्ही बाजारातून दोन कालवडी आणल्या. हेडी म्हणाला, "दोन्ही तीन महिन्यांच्या गाभण." डॉक्टरांनी घरी तपासलं, तर एक रिकामी! आप्पा दोन दिवस बोलले नाहीत.

मग मी एक्सेल उघडलं. आकडे समजण्यापुरते धरा. घरची कालवड व्यायला साधारण ३० महिने, म्हणजे ९०० दिवस. रोजचा खर्च ९० रुपये धरला तर ८१ हजार. बाजारात तयार गाभण कालवड ६० हजारांना. सरळ २१ हजार वाचले ना? थांबा. पाच घेतल्या, एक खराब निघाली आणि २५ हजारांना विकावी लागली, तर उरलेल्या चार प्रत्येकी ६८,७५० ला पडतात. अजूनही फायदा. पण दोन खराब निघाल्या, तर तिघी ८३ हजारांच्या पुढे जातात. म्हणजे सगळा खेळ किमतीचा नाही, खराब किती निघतात याचा आहे.

आणि एक गोष्ट एक्सेलमध्ये बसत नाही, ती म्हणजे रोग. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, असलेली कालवड दिसायला ठणठणीत असते. पाचव्या महिन्यानंतर गाभडते, आणि तिच्या वारेतून, स्रावातून अख्ख्या दावणीला लागण होऊ शकते. माणसालाही होतो बरं का! २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद करावे लागले, ते उगीच नाही. चार गावची जनावरं एका जागी येतात.

मग बाजारात जायचंच नाही? तसं नाही. पैसे मोजण्याआधी एवढं करा:

१. दात बघा. पहिले दोन कायमचे दात साधारण दोन वर्षांच्या आसपास येतात.
२. गाभण तपासणी आपल्या डॉक्टरांकडून. हेडीच्या शब्दावर नाही.
३. कानातला १२ अंकी बिल्ला बघा, लसीकरणाची नोंद मागा. ब्रुसेलाची लस कालवडीला ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच देतात.
४. रक्त तपासून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत फक्त इसार द्या.
५. जुळी जन्मली का, विचारा. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते.
६. घरी आणल्यावर किमान तीन आठवडे वेगळी बांधा. चारा-पाण्याची भांडीही वेगळी.

घरच्या कालवडीला वेळ लागतो, पण तिची आई किती दूध देते हे आपल्याला माहीत असतं. ही माहिती बाजारात विकत मिळत नाही. म्हणून आता आमचा नियम ठरलाय: चांगल्या गायींच्या कालवडी घरी वाढवायच्या, आणि कमी पडलं तरच बाजार गाठायचा.

आणि ती रिकामी कालवड? पुढे भरली, गाभण राहिली, व्यायली. पण सात महिने फुकट खाल्लं तिनं! चला, भेटू पुढच्या भागात.