खेळणे विकताना दोन शब्द सांगा
पाच वर्षांखालील मुलांची खेळणी : घरच्यांनी काय घ्यावे, दुकानदाराने काय ठेवावे, कारागिराने काय बनवावे

रमजान ईद असो की दिवाळी, सण आठ दिवसांवर आला की गुलमंडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. पैठण गेटकडून येणारी गर्दी आणि सिटी चौकाकडून येणारी गर्दी इथेच एकमेकींना भिडते. मछलीखडकात कपडे झाले, रंगारगल्लीत किरकोळ खरेदी झाली, की आईचे बोट धरून चाललेले मूल एखाद्या खेळण्याच्या दुकानासमोर हटून उभे राहते. मग ठरलेला संवाद होतो. "भाईजान, तीन वर्षांच्या पोरासाठी काहीतरी दाखवा." दुकानदार काठीने वर टांगलेली बॅटरीची मोटार खाली काढतो, बटण दाबतो, दिवे लागतात, गाणे वाजते, मूल हसते आणि सौदा होतो.

आठवड्याने ती मोटार बंद पडलेली असते, किंवा चालू असूनही कोपऱ्यात पडलेली असते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते किंवा पुन्हा येतच नाही. दुकानदाराला वाटते, माल हलका निघाला. आईला वाटते, पोराला कशाचीच किंमत नाही. खरे पाहता दोष बहुतेक वेळा मालाचाही नसतो आणि पोराचाही नसतो. त्या वयाच्या मुलाला काय हवे असते, हे घेणाऱ्याने विचारलेले नसते आणि विकणाऱ्याने सांगितलेले नसते.

मोटार खेळते, मूल बघते

अडीच ते पाच वर्षांचे मूल हाताने शिकते. रचणे, पाडणे, भरणे, ओतणे, जोड्या लावणे, मोठ्यांची नक्कल करणे ही त्याची कामे. बटण दाबल्यावर जे खेळणे सगळे स्वतःच करते, त्याच्यासमोर मुलाला करायला काही उरत नाही. म्हणून पाचशे रुपयांची मोटार कंटाळवाणी होते आणि ती ज्या खोक्यातून आली ते खोके महिनाभर पुरते. खोक्याचे घर होते, दुकान होते, रिक्षाही होते.

हा केवळ आजीबाईंचा अनुभव नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या डिसेंबरात खेळण्यांच्या निवडीविषयी एक अहवाल काढला. साधी खेळणी, म्हणजे ठोकळे, बाहुली, चेंडू, कोडी, हीच लहान मुलांना अधिक उपयोगी, असे त्यात सांगितले आहे. त्याआधी २०१५ च्या अखेरीस २६ पालक-मुलांच्या जोड्यांवरील एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. मुले दहा ते सोळा महिन्यांची होती. बोलणारी, वाजणारी खेळणी दिली तेव्हा पालक मुलाशी कमी बोलले. साधी खेळणी किंवा चित्रांची पुस्तके दिली तेव्हा जास्त बोलले. कारण उघड आहे. खेळणे बडबडू लागले की आई गप्प बसते, आणि मूल भाषा शिकते ती आईच्या तोंडून.

तिसरी गोष्ट दुकानदाराला थोडी टोचणारी आहे. २०१८ मध्ये ओहायो राज्यातील टोलेडो विद्यापीठात ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिले. चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याचा जास्त तऱ्हांनी उपयोग केला. म्हणजे घरात पसारा नको, निवड हवी. घरी पंधरा खेळणी असतील तर दहा कपाटात ठेवावीत आणि दर पंधरवड्याला बदलावीत. जुने खेळणे नव्यासारखे वाटते आणि खर्चही वाचतो.

बोर्डी आणि कोसबाडचा धडा

हे सारे परदेशातून शिकण्याची आपल्याला गरजही नव्हती. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कुठून येणार? त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पैशाची अडचण होती, तिच्यातूनच स्वस्त आणि चांगली पद्धत निघाली.

आपल्या कारागिरांच्या घरांत तर हे साहित्य रोज केरात जाते. शिंप्याकडे रिकामी रिळे असतात, त्यांचा मनोरा होतो. हिमरूच्या किंवा साध्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचे दोन-दोन चौकोन कापले की 'याची जोडी शोध' हा खेळ तयार होतो, आणि नक्षी ओळखणारा डोळाही तयार होतो. भांडेवाल्याच्या घरी एकात एक बसणारे डबे असतात. कोणते झाकण कोणत्या डब्याचे, हे शोधण्यात मुलाचा अर्धा तास जातो. किराणा दुकानदाराने जुना तराजू द्यावा आणि कांदे-बटाटे द्यावेत. जड काय, हलके काय, एका पारड्यात किती घातले की काटा सरळ होतो, हे गणित पाटीवर शिकवण्याच्या आधीच हातात बसते. कुंभारवाड्यातील ओल्या मातीचा गोळा तर या वयाचे सर्वांत उत्तम खेळणे.

यात एकच अट आहे. दिवसातून वीस मिनिटे का होईना, मोठ्या माणसाने शेजारी बसावे. शिकवायला नव्हे, बोलायला. "हा लाल, तो हिरवा, आता कोणता देऊ?" एवढेही पुरे. अब्बा दिवसभर दुकानात असतील तर दादी, नानी, मोठी बहीण आहेच. पण रात्री गल्ला मोजून घरी आलेल्या बापाने मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटे ठोकळे रचले, तर मूल ते विसरत नाही.

वय पाहून खेळणे

दुकानदाराने आणि घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी चालेल.

तीन वर्षांपर्यंत: मोठे ठोकळे, एकावर एक बसणाऱ्या कड्या, ढकलगाडी, मऊ चेंडू, जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तके.

तीन ते चार: भातुकली, बाहुली, डॉक्टरचा किंवा दुकानदारीचा खेळ, मोठे मणी ओवणे, चार-सहा तुकड्यांची कोडी, जाड खडू.

चार ते सहा: बारा ते चोवीस तुकड्यांची कोडी, फासा टाकून खेळायचे सोपे पट, बांधकामाचे संच, बोथट कात्री आणि कागद.

भातुकली मुलींची आणि मोटार मुलांची, हा भेद दुकानात करू नये. मुलगाही चहा करून पाजतो आणि मुलीलाही पूल बांधता येतो.

जिथे चूक महागात पडते

आता जोखमीची बाजू पाहू. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. म्हणून सुमारे सव्वा इंच (३१.७ मिलिमीटर) रुंदीच्या नळकांड्यात जो तुकडा मावतो तो या वयासाठी धोक्याचा, असा खेळण्यांच्या सुरक्षेचा नियम आहे. कॅमेऱ्याच्या जुन्या रिळाची डबी साधारण तेवढीच असते. घरी एखादी पडली असेल तर तिच्यात घालून पाहावे. बाहुलीचे डोळे, मोटारीची चाके, शिंप्याची बटणे, सगळे याच कसोटीवर पारखावे.

त्याहून वाईट म्हणजे बटणासारखे चपटे सेल. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकते. मुलाने गिळल्याचा संशय जरी आला तरी घरगुती उपाय न करता तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे लहान मुलाला विकूच नये. छोट्या लोहचुंबकांचेही तेच. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला मध्ये धरून चिकटतात.

तिसरा धोका रंगाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रंगातील शिसे मुलाच्या मेंदूवर परिणाम करते. शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नसावे, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. वर्कशॉपच्या कोपऱ्यातले जुने डबे संपवण्यासाठी ते खेळण्याला फासू नयेत.

कायदा काय म्हणतो

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. माल देशी असो की परदेशी, नियम एकच. शिक्क्याबरोबर 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाईल अॅपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळते. २०१६ च्या बीआयएस कायद्यात या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड ठेवला आहे. पुढच्या वेळी दंड किमान पाच लाख होतो, आणि तो मालाच्या किमतीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. ही जबाबदारी बनवणाऱ्यापुरती नाही, विकणाऱ्यावरही येते.

याचा अर्थ छोट्या दुकानदाराने नीट समजून घ्यावा. ठोक व्यापाऱ्याकडून पोत्याच्या भावाने, बिलाशिवाय आणलेला बिनशिक्क्याचा माल दोन पैसे जास्त सोडतो खरा. पण एका तपासणीत वर्षाची कमाई जाऊ शकते. माल घेताना शिक्का पाहावा, क्रमांक तपासावा, पक्के बिल घ्यावे आणि जपून ठेवावे.

कारागिराला संधी

याच बदलाने हाताच्या कामाला वाट करून दिली आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. शिवाय डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालाला शिक्क्याच्या सक्तीतून सूट मिळाली. भौगोलिक मानांकन असलेल्या मालाच्या नोंदणीकृत धारकांनाही ती आहे. म्हणजे आधी नोंदणी, मग विक्री. आपला माल सुटीत बसतो की नाही, हे बीआयएसच्या शाखेत विचारून घेणे उत्तम.

कर्नाटकातील चन्नपट्टणचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. टिपू सुलतानाच्या काळापासून ही कला चालत आल्याचे तेथे सांगतात, आणि त्या धंद्यात मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. काळ्या कुड्याचे हलके लाकूड खरादावर फिरते, त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते. वरून पानाने घासून चकाकी आणतात. त्या मालाला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या राज्यात सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि भातुकली सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या सुताराला एवढी नक्षीही लागत नाही. लहान मुलांचे साधे ठोकळे करून पाहावेत. १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने त्यांचे माप बसवले, ते आजही जगभर चालते. लांबी साडेपाच इंच, रुंदी पावणेतीन इंच, जाडी एक इंच तीन सूत. लांबी रुंदीच्या दुप्पट, रुंदी जाडीच्या दुप्पट. याच मापाचे अर्धे आणि दुप्पट तुकडेही कापावेत. दोन छोटे मिळून एक मोठा, हे गणित मूल खेळता खेळता शिकते. माप मात्र काटेकोर हवे, नाही तर मनोरा डुलतो. लाकूड पक्के वाळलेले असावे. कडा गोल कराव्यात, पॉलिश पेपरने हात फिरेल इतके गुळगुळीत करावे आणि रंग न देता ठेवावे. फर्निचरमधून उरलेले सागाचे तुकडे इथे कामी येतात. प्लायवूड नको, त्याच्या कडेची फास हाताला लागते.

भांडवलाचा प्रश्न असेल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार, कुंभार, शिंपी यांच्याबरोबर पारंपरिक बाहुली व खेळणी बनवणाराही आहे. योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख कर्ज अशी तरतूद ठेवली आहे.

गिऱ्हाईक टिकते ते असे

शेवटी पुन्हा गुलमंडीच्या त्या दुकानासमोर येऊ. "तीन वर्षांच्या पोरासाठी काहीतरी दाखवा," असे आई म्हणते. दुकानदाराने काठी उचलण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "बाजी, घरी त्याला काय करायला आवडते?" ती म्हणेल, डबे उलटेपालटे करतो. मग मोटारीऐवजी एकात एक बसणाऱ्या डब्या किंवा ठोकळ्यांची पिशवी समोर ठेवावी आणि म्हणावे, "हे घेऊन जा. थोडा वेळ तुम्हीही त्याच्याबरोबर बसा." कदाचित त्या दिवशी शंभर रुपये कमी मिळतील. पण ते खेळणे महिन्याभराने कोपऱ्यात पडलेले नसेल. पुढच्या ईदेला मूल मुठीत ईदी घेऊन येईल तेव्हा त्याची आई शेजारच्या दुकानात शिरणार नाही. धाकट्याचे बोट धरून ती तुमच्याच पायरीवर चढेल.