एकच गाडी, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी: सेटअप नेमका कसा करायचा?

यूट्यूबवर ट्रॅक डेचे व्हिडिओ बघितले की एक प्रश्न हमखास पडतो: आपण रोज चालवतो तीच गाडी थोडी ‘सेट’ करून ट्रॅकवर नेता येईल का? उत्तर आहे, हो. फक्त ‘सेट करणं’ म्हणजे काय, याबद्दल बराच गोंधळ आहे. इंजिनाचा रीमॅप, मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि जमिनीला टेकलेली गाडी म्हणजे सेटअप, असं अनेकांना वाटतं. खरं तर सुरुवातीची सगळी कामं स्वस्त आणि दिसायला एकदम साधी आहेत. टायरमधली हवा, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड आणि अलाइनमेंट. ती कशी करायची आणि त्यामागचं कारण काय, ते एकेक करून बघूया.

आधी साधं गणित

माझं गाव केळझर, वर्धा जिल्ह्यात, नागपूर-वर्धा रस्त्यावर. इथून ट्रॅकवर जायचं तर देशातली दोन नावाजलेली सर्किट डोळ्यासमोर येतात. एक ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. दुसरं चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं. दोन्ही केळझरहून हजार किलोमीटरपेक्षा लांब.

बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. दिवसभरात २० फेऱ्या मारल्या तरी १०० किलोमीटरच्या थोडं वर. आणि जाऊन-येऊन रस्ता दोन हजार किलोमीटर! म्हणजे १ किलोमीटर ट्रॅकसाठी २० किलोमीटर रस्ता. शिवाय वर्षभर ऑफिस, बाजार, लग्नकार्य आहेच.

यातून पहिला नियम निघतो: गाडी रस्त्यासाठी सेट ठेवायची. ट्रॅकसाठी फक्त तेच बदलायचं, जे त्याच दिवशी पूर्ववत करता येतं.

चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचं उदाहरण घ्या. २०१० पासून भारतात याच गाडीची ‘पोलो कप’ ही रेस सुरू झाली. नाव तेच, बाहेरून आकारही तोच. पण रेसच्या पोलोत मागच्या सीट नाहीत, आत लोखंडी पिंजरा आहे, आणि ती रस्त्यावर चालवायची गाडीच नाही. तिला एकच काम करायचं असतं. आपल्या गाडीला दोन करायची आहेत, म्हणून रेसच्या गाडीची नक्कल आपल्या उपयोगाची नाही.

रस्ता आणि ट्रॅक यात फरक काय?

‘ट्रॅकवर वेग जास्त’ हे उत्तर अर्धवट आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो: ट्रॅकवर इनपुट माहीत असतं, रस्त्यावर नसतं.

ट्रॅकवर तेच वळण प्रत्येक फेरीत तसंच येतं. समोरून गाडी येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, कडेला मोकळी जागा असते, धोका असेल तर झेंडा दाखवणारा माणूस असतो. म्हणून तिथे टायर आणि ब्रेकची जवळजवळ सगळी ताकद वापरता येते. केळझरच्या रस्त्यावर चतुर्थीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेली गर्दी असते, कापसाने भरलेला, मागे लाइट नसलेला ट्रॅक्टर असतो, पावसाळ्यात कालपर्यंत नसलेला खड्डा असतो. इथे थोडी ताकद कायम शिल्लक ठेवावी लागते.

ट्रॅकचा सेटअप ही शिल्लक वापरून वेग मिळवतो. तोच सेटअप तसाच रस्त्यावर आणला, तर शिल्लक संपलेली असते आणि धोके मात्र सगळे जागेवर असतात.

१. टायरमधली हवा: फुकटचा पण सगळ्यात मोठा बदल

हवा तापली की दाब वाढतो, हे आपण अकरावी-बारावीत शिकलो. आता ते टायरला लावून बघू. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय हवा भरली. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत आतली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर गेज साधारण ४१ दाखवेल. एवढ्या दाबाने टायर मधोमध फुगतो, कडा कमी टेकतात आणि पकड कमी होते.

म्हणून ट्रॅकवर दाब गरम टायरवर ठरवतात. समजा गरम असताना ३५ हवा आहे, तर सुरुवात थंड २८ च्या आसपास करावी लागेल. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या टायरचे आकडे वेगळे असतील.

आता खरी गंमत, आणि खरा धोका. ट्रॅक डे संपला, संध्याकाळी गेजवर ३५ दिसतंय. ‘कंपनीने ३३ सांगितलंय, मग ठीकच आहे’ म्हणून गाडी तशीच ठेवली. रात्रभरात टायर थंड झाले. सकाळी त्यात फक्त २८ आहे, आणि समोर हजार किलोमीटरचा हायवे. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, त्यातून उष्णता तयार होते, ती साठत जाते आणि शेवटी टायर फुटतो.

हे फक्त ट्रॅकवाल्यांसाठी नाही. आमच्या सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, कारसाठी वेगमर्यादा १२०. मे महिन्यात विदर्भातलं ऊन आणि तासन्तास तोच वेग. अशात मध्येच थांबून गेज लावलं, ३७-३८ दिसलं, म्हणून घाबरून हवा ३३ पर्यंत काढली, असं बरेच जण करतात. टायर थंड झाल्यावर त्यात २९ च्या आसपासच उरते. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. रस्त्यावर गरम टायरमधून हवा काढू नका.

एक डिजिटल गेज आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप. सेटअपची पहिली खरेदी हीच.

२. ब्रेक: आधी थांबायचं बघा, मग पळायचं

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. १२०० किलोची गाडी १६० वरून ६० वर आणली, की सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. एवढ्या ऊर्जेत ३० अंशांचं जवळपास साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. तेही काही सेकंदांत, एका वळणासाठी. प्रत्येक फेरीत अशी मोठी ब्रेकिंग तीन-चार वेळा होते.

याचा पहिला फटका ब्रेक ऑइलला बसतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पेडलवर, पेडल तळाशी आणि गाडी मात्र थांबत नाही.

उपाय सोपा आहे. ट्रॅकआधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या, चांगल्या प्रतीचं डॉट ४ किंवा ५.१. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतं तेच. डॉट ५ वेगळं आहे, ते सिलिकॉनचं असतं. नाव सारखं वाटलं तरी टाकू नका.

पॅडचं उलटं आहे. पूर्ण रेसचे पॅड गरम झाल्यावरच नीट पकडतात. सकाळी थंड गाडी काढली, पहिल्याच वळणावर शाळेचं पोरगं सायकल घेऊन समोर आलं, तर हे पॅड दगा देतील. म्हणून दोन्हीकडे चालणारे ‘फास्ट रोड’ प्रकारचे पॅड घ्या, किंवा ट्रॅकवर पॅड बदलून निघताना जुने परत लावा. आणि शेवटची फेरी नेहमी हळू मारायची, म्हणजे डिस्क थंड होतात. गाडी लावल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा किंवा चाकाला अडण लावा.

३. अलाइनमेंट: टायर किती तिरका?

समोरून बघताना चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल, तर त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वळणात गाडी बाहेर कलते आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. आधीच आत झुकवून ठेवला, तर वळणात तो पूर्ण टेकतो. म्हणून ट्रॅकवर दोन-अडीच अंश कॅम्बर ठेवणारे अनेक आहेत.

पण रस्ता बहुतांशी सरळ असतो. तिथे एवढ्या कॅम्बरने टायरची आतली कड घासते, आणि ती उभ्याने बघून दिसतही नाही. एक-दीड अंश ही मधली वाट. पोलोसारख्या गाडीत मागचा कॅम्बर असाही सहज बदलता येत नाही, पुढे बदलायला वेगळी कॅम्बर प्लेट लागते. त्यामुळे नवशिक्याने कंपनीच्या आकड्यांवर चारही चाकांचं अलाइनमेंट नीट करून घेतलं आणि त्याची प्रिंट जपून ठेवली, तरी पहिल्या ट्रॅक डेला पुरेसं आहे.

४. सस्पेन्शन: खाली किती बसवायची?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावोगावचे गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे! गाडी खाली बसवली की आधी तिथेच घासते. फार कडक स्प्रिंगचा दुसरा तोटा मोठा आहे: खडबडीत रस्त्यावर टायर उड्या मारतो, आणि हवेतला टायर ना वळवतो, ना थांबवतो.

पैसे असतील तर ॲडजस्ट होणारे शॉकअप घ्या. त्यांची नॉब फिरवून ट्रॅकवर चार क्लिक कडक, परतीला चार क्लिक मऊ. उंची मात्र रस्त्याचीच ठेवा.

इंजिनाची ताकद वाढवणं या यादीत सगळ्यात शेवटी येतं. वाढलेली ताकद टायर आणि ब्रेकवरचा ताणच वाढवते.

५. फोन इथे कसा कामाला येतो?

- नोंद ठेवा. हवा थंड किती, गरम किती, बाहेरचं तापमान, वेळ. साधी शीट पुरे. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.
- ओबीडी डोंगल ब्लूटूथने जोडून इंजिनाचं तापमान बघता येतं. ते चढत असेल तर हळू व्हा.
- लॅप टायमर ॲप वापरा, पण मर्यादा समजून. फोनचं जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदा जागा सांगतं, आणि १२० च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. दशांश सेकंदाचा फरक त्यातून खात्रीने काढता येत नाही.
- फोन घट्ट बसवा. सुटा फोन ब्रेकमध्ये पेडलखाली जाऊ शकतो.

हायवेला ट्रॅक समजू नका

समृद्धीवर वेगाचा काटा दाखवणाऱ्या रील्स तुम्हीही बघितल्या असतील. रस्ता सरळ आणि गुळगुळीत असला तरी इनपुट माहीत नसतंच: पुढे बंद पडलेला ट्रक, झोप आलेला ड्रायव्हर, मागच्या सीटवर घरची माणसं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं हा गुन्हा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तुमच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून.

परतीची चेकलिस्ट

स्क्रीनशॉट काढून ठेवा. ट्रॅकवर जाताना सगळे उत्साहाने तयारी करतात, पण अर्धवट राहते ती परतीची.

१. टायर थंड झाल्यावर कंपनीच्या आकड्यापर्यंत हवा भरा.
२. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. चिरा किंवा फुगा असेल तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका.
३. रेसचे पॅड लावले असतील तर काढा. ब्रेक पेडल मऊ लागत असेल तर आधी ऑइल बदला.
४. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्यावर कसा.
५. शॉकअप मऊ करा.
६. स्वतः पूर्ण झोप घ्या. दिवसभर ट्रॅकवर चालवून रात्री निघायचं नाही.

या सहा गोष्टींना झोप सोडली तर तासभर लागतो. तेवढा वेळ नसेल, तर गाडी त्या दिवशी ट्रॅकवर नेऊच नका.